उपाशी शेवाळाचं तेल

ऑक्टोबर परत आलाय. पाऊस आवरून गेला आणि नाशकावर ते पांढरट, कोरडं ऊन पसरलं, जे बाहेरगावच्यांना माहीतच नसतं. त्यांच्या लेखी नाशिक म्हणजे थंड हवा आणि द्राक्षं. त्यांनी एकदा ऑक्टोबरातल्या भर दुपारी नाशिकरोडला पुलाखाली रिक्षाची वाट बघत उभं राहावं, म्हणजे समज दूर होईल. दिंडोरीकडे, निफाडकडे बागांच्या छाटण्या सुरू झाल्या आहेत. सुरगाण्याहून जीपा भरभरून माणसं कामाला उतरतायत. एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांचा धूर पावसाळ्यात ढगांत मिसळून जायचा, तो आता निळ्या आभाळात वेगळा दिसतो.

आणि दर ऑक्टोबरात येतं तसं मला भाषणाचं बोलावणंही आलं आहे. वस्तीतल्या गुणवंत मुलांचा सत्कार आहे. विषय त्यांनीच ठरवलाय, 'अभावातून यशाकडे'. फोनवरचे गृहस्थ अगदी सज्जन होते. म्हणाले, "मॅडम, तुमची परिस्थिती, तुमचा संघर्ष, ते जरा रंगवून सांगा. पोरांना प्रेरणा मिळते." मी म्हटलं, "परिस्थिती सांगेन. तिचं कौतुक मात्र करणार नाही." ते हसले. त्यांना वाटलं मॅडम गंमत करतायत.

मी गंमत करत नव्हते. या विषयावर माझं डोकं लगेच तापतं, हे मला ओळखणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. त्याचं मूळ माझ्या पीएच.डी.च्या काळातल्या एका ऑक्टोबरात आहे, आणि काचेच्या काही बाटल्यांत.

मी शेवाळावर काम करते. दगडावर धरतं ते नव्हे. पाण्यात विरघळल्यासारखं पसरलेलं, एकेका पेशीचं, नुसत्या डोळ्यांना फक्त हिरवा रंग म्हणून दिसणारं. शेजारच्या काकूंनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "एवढं शिकून शेवाळ? ते तर आम्ही दर रविवारी टाकीतून घासून काढतो." त्यांचंही बरोबर होतं. पण या पेशीच्या पोटात तेल असतं, खरंखुरं तेल, आणि ते पुरेसं काढता आलं तर त्यावर गाडी चालू शकते. जगभरातले शहाणे लोक या तेलाच्या मागे लागले होते. नाशकातल्या एका कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर मीही लागले होते.

माझे मार्गदर्शक सर सटाण्याकडचे. घरची डाळिंबाची बाग, मोठं शेततळं. कॉलेजात शिकवून सुट्टीला गावी पळणारा माणूस. स्कूटरच्या डिकीत पेपरांच्या गठ्ठ्याशेजारी छाटणीची कात्री असायची. माझं शेवाळ त्यांनीच त्यांच्या शेततळ्यातून प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरून आणलं होतं. ठिबकच्या नळ्या तुंबवतं म्हणून घरचे त्याला शिव्या घालायचे. बागेला दिलेलं खत झिरपून तळ्यात यायचं आणि त्यावर ते नुसतं माजलं होतं. मी ते निवडून, धुऊन, वेगळं करून बाटल्यांत वाढवलं. हलत्या फळीवर ठेवलेल्या त्या बाटल्या दिव्याखाली दिवसभर हिंदकळत असायच्या. खोलीला उकळलेल्या पाण्याचा आणि ओल्या कापसाचा वास यायचा. मला तो वास अजून आवडतो.

आता सरांचा विचार सांगते, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. डाळिंबवाले बहार धरायच्या आधी बागेचं पाणी तोडतात. झाड सुकतं, पानं गाळतं. बाग ताणावर सोडली, असं म्हणतात. मग पाणी दिलं की तेच झाड अंगभर फुलतं. सरांनी लहानपणापासून हे बघितलेलं. शेवाळाचंही तसंच आहे असं पुस्तकांत होतं: नत्र, म्हणजे युरियातून झाडाला मिळतं ते अन्न, तोडलं की पेशीची वाढ थांबते, आणि उन्हातून मिळवलेलं सगळं ती तेल करून साठवायला लागते. सर खूश झाले. म्हणाले, "प्रज्ञा, हा तर आपला घरचाच धंदा आहे. पहिल्या दिवसापासून ताण द्यायचा. नत्राचा कण नको." तसा प्रस्ताव त्यांनी लिहिला आणि त्यावर माझी नोंदणी झाली.

मी तसं केलं. बाटल्या हळूहळू फिक्या झाल्या, मग लिंबाच्या सालीसारख्या पिवळ्या. पेशी भुकेली झाली की आधी स्वतःचा हिरवा रंग मोडून खाते, कारण त्यात नत्र असतं. हे वाचलं होतं. डोळ्यांसमोर होताना बघणं वेगळं. मी रोज सकाळी येऊन आधी त्यांच्याकडे बघायचे आणि मला वाईट वाटायचं, हे मी तेव्हा कुणालाच सांगितलं नाही. संशोधकाला बाटलीबद्दल वाईट वाटू नये असा एक समज आहे.

मग तेल दिसलं. पेशींना एक रंग पाजून खास दिव्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं की तेलाचे थेंब सोनेरी चमकतात. काळ्या पडद्यावर एकेक पेशी म्हणजे सोन्याचा मणी. सर डोळा लावून बसले ते उठेनात. खुशीत आले की त्यांची अहिराणी बाहेर पडायची. "हाई तं सोनं शे," म्हणाले आणि शिपायाला पेढे आणायला पिटाळलं. सगळा विभाग रांगेनं येऊन बघून गेला. पेढा खाता खाता सर माझ्याकडे वळून म्हणाले, "बघ, ताणाशिवाय तेल नाही. आता तुझंच उदाहरण घे ना. परिस्थिती होती म्हणून तर चमकलीस." सगळ्यांनी माना डोलावल्या. सर प्रेमानंच बोलले होते, म्हणून मी पेढा गिळला.

पण पेढ्याबरोबर वाक्य गिळलं गेलं नाही. परिस्थिती होती म्हणून? एकलहऱ्याच्या वसाहतीत मी वाढले. पप्पा वीजकेंद्रात कोळसा हाताळणीला होते. दोरीवरच्या कपड्यांवर राख बसायची, अभ्यासाला जागा नव्हती, हे सगळं खरं. पण मला रोज दूध होतं. विहारात जुन्या पुस्तकांचं कपाट होतं आणि त्याची किल्ली माझ्याकडे असायची. दहावीला गणिताच्या बाईंनी घरी बोलावून शिकवलं, वर पोहे खाऊ घातले. लोक म्हणतात चिखलातून कमळ उगवलं. अरे, चिखलात खत असतं म्हणून उगवतं. कोरड्या फरशीवर उगवून दाखवा म्हणावं.

त्या तिरमिरीतच मी बाटल्या मोजायला घेतल्या. जोडीला, तुलनेसाठी म्हणून, काही बाटल्या पोटभर नत्र देऊन वाढवलेल्या होत्या. काही आधी पोटभर देऊन शेवटी थोडे दिवस उपाशी ठेवलेल्या. सगळ्यांतलं थोडं थोडं पाणी मोजून काढलं, त्यातल्या पेशी खाली बसवल्या, वाळवल्या, तेल काढलं आणि वजन केलं. पहिल्यापासून उपाशी ठेवलेल्या पेशींत तेलाचा टक्का दांडगा होता, त्यात वाद नाही. पण पेशीच किती? बोटावर घेण्याइतक्या. टक्का मोठा आणि बाटलीत तेल थेंबभर. सगळ्यात जास्त तेल दिलं ते आधी जेवून मग उपाशी राहिलेल्या बाटल्यांनी. आधी पोटोबा मग विठोबा. आमच्या घरी विठोबा नव्हता, पण पोटोबाचं खरं होतं.

सरांना तक्ता दाखवला. त्यांनी टक्क्यांच्या रकान्यावर बोट ठेवलं. "टक्के सांगायचे," म्हणाले. "एका बाटलीत किती, हे कुणी विचारत नाही."

"सर, गाडी टक्क्यावर चालत नाही."

"प्रज्ञा, दिवाळीआधी समिती बसतेय. प्रस्ताव एक आणि निकाल दुसरा, असं दिसलं तर ते नोंदणी रद्द करतील. तुझी एक मुदतवाढ आधीच झालीय. सोनं दाखव, पिवळ्या बाटल्या मांड, आणि सुटून ये. बाकीचं प्रबंधात बघू."

ते मला वाचवायलाच बघत होते. नोंदणी गेली असती तर इतक्या वर्षांचं काम गेलं असतं, आणि पुन्हा कुणी मला दारात उभं केलं नसतं. मला भीती वाटत होती आणि रागही येत होता. दोन्ही एकदम येतात तेव्हा माणूस घरी जाऊन भांडतो. मीही तेच केलं.

पप्पांना सगळं सांगितलं. ते सरांच्या बाजूनं झाले. "बरोबर बोलत्यात तुझे सर. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही."

"देवपण आपल्याला नकोच आहे ना, पप्पा?"

"तोंडाला लागू नको. मी उपाशीपोटी शिकलो. अर्ध्या भाकरीवर दिवस काढला, म्हणून वीजकेंद्रात लागलो, म्हणून तू आज कॉलेजात. सोपं मिळालं असतं तर मनमाडला हमाली करत बसलो असतो."

ही गोष्ट मी जन्मापासून ऐकत आले होते. पाहुणा आला की चहाआधी ही गोष्ट. मला कधी ती खोटी वाटली नव्हती, आणि खोटी नव्हतीही. पण त्या दिवशी तिच्यातल्या 'म्हणून'वर माझं अडलं. उपाशी राहिलो आणि शिकलो, इथपर्यंत मान्य. उपाशी राहिलो म्हणून शिकलो, हे कुणी मोजलं? टाकीच्या घावांनी फुटलेले दगड कुणी देव्हाऱ्यात ठेवत नाही. ते खाणीतच पडून राहतात आणि मूर्तीला विचारलं की मूर्ती घावांचं कौतुक सांगते.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आत्या आली. पप्पांची थोरली बहीण, मनमाडची. तिचे यजमान रेल्वेत होते. ती स्वतः शाळेत मुलांची खिचडी शिजवते. पांढरी साडी नेसून, विहारात जाऊन आली आणि आल्या आल्या मेथीची जुडी ओढून निवडायला बसली. आत्याला नुसतं बसता येत नाही. पप्पांनी माझी तक्रार तिच्याकडे केली. "समजाव हिला, ताई. उपाशी राहून आपण कसे वर आलो, सांग."

आत्यानं मान वर केली. "कोन उपाशी? तू?"

पप्पा म्हणाले, "मग?"

"तुला कवा उपाशी ठिवला रे आईनं? भाकर मोडली की मोठा तुकडा तुझा. माझ्या वाटची बी अर्धी तुझ्याच ताटात. म्हनायची, त्याला शाळा हाय."

मी विचारलं, "आणि तू, आत्या?"

"मला कशाला? मला कुठं शाळा व्हती?" ती मेथीकडे बघतच बोलत होती. "म्हंजे व्हती चौथीपर्यंत. पहिली आले व्हते मी चौथीत. मंग काढली. दोगं शिकवायला पुरत नव्हतं." आणि मग, कुणी विचारलं नसताना, "शाळेत बगते ना मी. खिचडी बंद पडली का पोरं गळत्यात. लय हुशार पोरं गळत्यात, बाई."

तिच्या आवाजात राग नव्हता. पप्पा उठले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. त्यांनी ती गोष्ट नाकारली नाही, आणि मला त्यांची दया आली. पण त्याहून जास्त, मला संताप आला. आजीवर नाही, तिच्यापुढे एक भाकरी होती आणि दोन मुलं, तिनं काय करायचं होतं? मला राग आला तो या सगळ्याला प्रेरणा म्हणून विकणाऱ्यांचा. पप्पा भरल्या बाटलीतले होते. उपाशी बाटली ही समोर बसून मेथी निवडत होती. तिच्यात काय कमी होतं? मनमाडच्या बाजारातला अख्खा हिशेब ती तोंडी करते, शाळेच्या बाईंची पत्रं तीच दुरुस्त करून देते. थेंब चमकतोच आहे. वाढ तेवढी थांबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रयोगशाळेत गेले. पिवळ्या बाटल्यांची मोजणी झालेली होती, आकडे माझ्याकडे होते. निम्म्या बाटल्या मी तशाच ठेवल्या. उरलेल्या निम्म्यांत मी नत्र घातलं. पुस्तकात या प्रयोगाला नाव आहे आणि मी ते पुढे प्रबंधात रीतसर लिहिलंही, पण त्या सकाळी मी प्रयोग करत नव्हते. मी त्यांना जेवायला वाढत होते.

एखाद्या उपाशी पेशीला अन्न मिळालं की ती काय करते? चमकत बसत नाही. साठवलेलं तेल फोडते, त्यातून हिरवा रंग पुन्हा बांधते, आणि विभागायला लागते: एकीच्या दोन, दोघींच्या चार. ते तेल तिनं आपल्या गाडीसाठी केलेलंच नसतं. चांगले दिवस येतील तेव्हा उठून उभं राहता यावं म्हणून केलेली ती शिदोरी असते. आपण तिला यशाचं शिखर म्हणतो. पहिल्या एक-दोन दिवसांत काहीच दिसलं नाही. मग बाटल्यांच्या तळाशी पोपटी झाक आली, आणि समिती बसली त्या दिवशी त्या खोलीतल्या सगळ्यात हिरव्या वस्तू त्याच होत्या.

इथे थांबून एक सांगते, कारण भाषणात लोक मला हे बोलू देत नाहीत. आपण गोदावरीत गावाचा मैला सोडून शेवाळाला आणि पाणवेलींना पंगत वाढतो, आणि वस्तीतल्या पोरांना मात्र उपासाचं महत्त्व सांगतो. आणि सांगणारा नेहमी जेवून आलेला असतो. ताणाचा पुरस्कार करणाऱ्या एकाही माणसानं स्वतःच्या मुलाचा डबा बंद केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

सर सोडून समितीत तिघं होते. बाहेरून आलेले परीक्षक वयानं मोठे, नावाजलेले. मी पिवळ्या बाटल्या मांडल्या, हिरव्या मांडल्या, सोनेरी चित्र दाखवलं आणि मग तो तक्ता लावला जो सरांना लावायला नको होता. खोलीत पंखा फिरत होता. सर खाली बघत होते. मी म्हटलं, "पहिल्यापासून उपाशी ठेवलं की तेलाचा टक्का वाढतो आणि तेल घटतं. प्रस्तावात लिहिलेलं चुकीचं होतं."

परीक्षक म्हणाले, "प्रस्ताव चुकीचा, तर नोंदणी कशावर चालू ठेवायची?" मग जरा मवाळ होऊन, "तुम्ही स्वतः एवढ्या कठीण परिस्थितीतून आलात, असं तुमचे सर सांगत होते. ताणाचं मोल तुम्हाला तरी पटायला हवं."

"शेवाळाला विचारायची सोय नाही, सर. मला विचारलंत म्हणून सांगते. मला ताण नको होता. ज्यांनी मला वाढलं, त्यांच्यामुळे मी इथे उभी आहे. ज्यांना कुणी वाढलं नाही, ते या खोलीपर्यंत पोचलेच नाहीत, म्हणून तुमची त्यांच्याशी गाठ पडत नाही."

  परीक्षकांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्या सरांना विचारलं, "हे तुम्हाला मान्य आहे? सही तुमची लागेल."

सरांनी एक हिरवी बाटली उचलली, उजेडासमोर धरली.  मग म्हणाले, "आमच्याकडे बागेला ताण देतात ना, सर, ती वर्षभर खाऊन-पिऊन भरलेली बाग असते. खोडात साठा असतो. लहान रोपाला ताण कुणी देत नाही. रोप मरतं. सटाण्यातलं शेंबडं पोरगं हे सांगेल. मी फुललेली बाग तेवढी लक्षात ठेवली आणि आधीचं खत विसरलो. ही पोरगी बरोबर आहे." त्यांनी खिशातून पेन काढलं आणि कामकाज पुढे चालू ठेवावं या ओळीखाली सही केली. बाकीच्या दोघांनी केली. शेवटी परीक्षकांनीही केली.

मला रडू येत होतं, पण तिथे नाही रडले. परीक्षक उठले. जाता जाता टेबलापाशी थांबले, हिरव्या बाटलीकडे बघून हळहळले. "यांच्यातही तेवढंच तेल होतं ना? सगळं वाया घालवलंत."

"वाया नाही गेलं, सर," मी म्हटलं. "त्यांनीच खाल्लं. त्यांचंच होतं."